एकाच बाकावरचे दोघे

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीच्या वर्गात असं एखादं मूल असतंच. ते जागेवर बसत नाही, हाक मारली तर पाहत नाही आणि मधल्या सुट्टीत कुणाला तरी मारून येतं. गाव त्याला वांड म्हणतं, आजी म्हणते लाडावलंय, आणि मोबाइलवर काहीबाही वाचलेला शेजारी हळूच विचारतो, "ऑटिझम तर नाही ना?" त्या वागण्यामागे एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असू शकते, स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असू शकतो, दोन्ही असू शकतात. यातलं काहीच नसून घरात काहीतरी घडलेलंही असू शकतं. हे वेगवेगळं ओळखण्याने मुलाचं भलं होतं की त्याच्यावर शिक्का बसतो, यावर दोन प्रामाणिक माणसं कडाडून भांडू शकतात. ते भांडण इथे मांडलं आहे. एक आहेत सेवाग्रामच्या नई तालीमच्या संस्कारात घडलेले निवृत्त गुरुजी. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता मुलांच्या विकासाच्या तपासण्या करणारी मानसशास्त्रज्ञ. दोघंही मी रचलेली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र आर्वी, देवळी, हिंगणघाटकडच्या शिक्षकांच्या खोलीत आणि दवाखान्यातल्या बाकांवर बसलं की ऐकू येतात तेच आहेत.

गुरुजी : बाई, माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही पोट्ट्याला मी असली नावं लावली नाहीत. वांड पोरं तेव्हाही होती. त्यांना शाळेच्या बागेत पाणी घालायला लावलं, घंटा वाजवायचं काम दिलं, की गाडी रुळावर यायची. आता जो तो पोरं तुमच्याकडे धाडून राहिला. दिवसभर बाकावर बसवायचं आणि बसलं नाही की त्याला आजारी म्हणायचं. अरे, आजारी शाळा आहे, पोर नाही!

ताई : बाकाबद्दल माझं तुमच्याशी भांडणच नाही, गुरुजी. पण बागेत पाणी घालून जी सुधारली ती पोरं तुमच्या लक्षात राहिली. जी सुधारली नाहीत ती चौथीनंतर शाळेत दिसलीच नाहीत. त्यांचा हिशोब कुणी ठेवला?

गुरुजी : बरं, मान्य. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे कशावरून? मला तर दोघंही सारखीच दिसतात. दोघंही ऐकत नाहीत.

ताई : तान्हा पोळा डोळ्यांपुढे आणा. लाकडी बैल सजवून पोरं रांगेत उभी आहेत. एक पोरगा नंबर यायच्या आत दोन-तीनदा रांग सोडतो, दुसऱ्याच्या बैलाची झूल ओढतो, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन टाकतो. घरी येतो तेव्हा बैल कुठे विसरला हे त्याला सांगता येत नाही. पण ती गर्दी त्याला हवीहवीशी वाटते. मित्राच्या बैलाचं शिंग मोडलं तर याचा चेहरा पडतो. काही नवीन दिसलं की आईचा पदर ओढून "ते बघ" म्हणतो, आणि आई बघतेय ना, हेही वळून पाहतो. रांगेचा नियम त्याला पक्का ठाऊक आहे, धाकट्या भावाला तो समजावूनही सांगेल. फक्त ऐन वेळी त्याला थांबता येत नाही.

गुरुजी : आणि दुसरा?

ताई : दुसऱ्याच्या लेखी तो बैल नाहीच, ती चार चाकं आहेत. तो बैल उलटा करतो, चाक फिरवतो, बोट लावून थांबवतो, पुन्हा फिरवतो. ढोल वाजला की कान झाकून घेतो. मागच्या वर्षी झूल लाल होती, यंदा हिरवी आहे, म्हणून निघायच्या आधी रडून रडून बेजार झाला आणि घरात कुणालाच कारण कळलं नाही. बोजारा मागायला कुणाच्या दारात उभा राहिला, तर पैसे देणाऱ्या काकूंकडे न पाहता भिंतीवरच्या मीटरचे आकडे मोठ्याने वाचत बसतो. त्याचं लक्ष उडालेलं नाही, गुरुजी. आपण ज्याच्याकडे पाहावं अशी अपेक्षा करतो, त्याच्याकडे ते नाही, एवढंच.

गुरुजी : पण हाक मारली तर ओ दोघंही देत नाहीत.

ताई : म्हणून पहिल्यांदा कान तपासायचे. आईबाप थेट माझ्याकडे येतात, पण मूल नीट ऐकू येत नसल्यामुळे ओ देत नाही की काय, हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. अधूनमधून काही क्षण शून्यात पाहत राहणारं मूल असेल, तर ते फिट्सचं लक्षण तर नाही, हे डॉक्टरांनी पाहायचं. हे सगळं ठीक निघालं की मग हाकेकडे यायचं. चंचल मुलाच्या खांद्याला हात लावून हाक मारली की ते डोळ्यांत पाहतं, हसतं, "काय म्हणाली?" विचारतं आणि पुढच्या क्षणी पुन्हा हरवतं. स्वमग्न मुलाला माणसाच्या आवाजाची ओढच वेगळी असते. आणि ती आजची नसते. आईला खोदून विचारलं तर ती सांगते, दीड-दोन वर्षांचा होता तेव्हा चंद्र बोटाने दाखवत नव्हता, माझा हात धरून डब्यापाशी न्यायचा, पण माझ्या तोंडाकडे पाहायचा नाही.

इथे मला मध्येच एक सांगावंसं वाटतं. ही आई पुष्कळदा बोलत नाही, कारण दोष आपल्यावर येईल हे तिला माहीत असतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले नामवंत डॉक्टरसुद्धा स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडत होते. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तो स्वतः अशा मुलाचा बाप होता. आपल्याकडे अजून सासू, शेजारीण आणि कधीकधी तपासणारा माणूसही "तूच मोबाइल दिला असशील" म्हणून सुरुवात करतो. मोबाइलने बोलणं मागे पडू शकतं, झोप बिघडू शकते, ते कमी करायलाच हवं. पण आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यावर ती मुलाचं दोन वर्षांपूर्वीचं काय सांगणार?

गुरुजी : बरं, हे दोन झाले. आणि मारकुटा? उलट उत्तर देणारा, चोरी करणारा?

ताई : तो तिसरा प्रकार. रांगेत धक्का लागून कुणी पडलं तर चंचल पोराला वाईट वाटतं. स्वमग्न मूल मारतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी असह्य झालेलं असतं, आवाज, स्पर्श, अचानक झालेला बदल. समोरचं माणूस त्याच्या ध्यानीमनीही नसतं. पण काही मुलं मोठ्यांशी हट्टाने, सूड धरून वागतात. ते सहा-सहा महिने टिकतं. त्याहून पुढे गेलं तर प्राण्यांना छळणं, चोरी, दुसऱ्याला धमकावणं. याला वर्तनविकार म्हणतात. त्यात मुलाइतकंच काम पालकांसोबत करावं लागतं. मोजक्या सूचना, रोज तोच नियम, आणि चांगलं वागला तो क्षण पकडून कौतुक. मार देऊन हे बरं होत नाही, वाढतं.

गुरुजी : आणि ज्या घरात बापाने औषध पिऊन जीव दिला, त्या घरातलं पोर? पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात आपला वर्धा होता. ती पोरं माझ्या वर्गात बसायची. फळ्याकडे पाहायची, पण फळा त्यांना दिसत नव्हता. मारामाऱ्या करायची. त्यांना काय नाव देणार तू?

ताई : त्यांना नाव नाही द्यायचं. म्हणून तर मी पहिला प्रश्न "कधीपासून" हा विचारते. स्वमग्नतेच्या खुणा अगदी लहानपणापासून असतात. एडीएचडी म्हणायला लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी असावी लागतात. दिवाळीपर्यंत शांत असलेलं मूल संक्रांतीपासून एकदम बिथरलं असेल, तर मी त्याची चाचणी बाजूला ठेवते आणि घरी काय झालं ते विचारते. गुरुजी, वेगळं ओळखण्याचा आग्रह मी याच पोरासाठी धरते. सगळ्यांनाच "वांड" म्हणणाऱ्या वर्गात दुःखात बुडालेलं मूलही वांडच ठरतं.

गुरुजींना हे पटतं, असं मी मानतो. पण त्यांचा मूळ मुद्दा त्याने संपत नाही. हाताला काम मिळालं की मूल सावरतं, ही त्यांची श्रद्धा वर्ध्यातच रुजलेली आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला इथे शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा, म्हणजेच नई तालीमचा विचार मांडला, झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला आणि आशादेवी व आर्यनायकम यांनी सेवाग्रामला तो चालवून दाखवला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधले चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर आपल्या रुग्णालयातल्या वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देत होते. सुरुवात डोकेदुखीवरच्या उपायाच्या शोधात झाली होती. डोकेदुखी फारशी हलली नाही, पण जवळजवळ निम्मी मुलं अचानक वर्गातलं काम मन लावून करू लागली. लक्ष लागत नसलेल्या मुलापुढे एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या वस्तू ठेवल्या गेल्या, इथे टकळी आणि तिथे गोळी.

गुरुजी : आणि मी टकळीच्या बाजूने.

ताई : मग मी तुम्हाला तुमच्याच बाजूची गोष्ट सांगते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांवरून स्वमग्नतेचं पहिलं वर्णन लिहिलं, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीमधल्या फॉरेस्ट या लहान गावातला. नऊ वर्षांचा असताना त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. त्याला मोजमापाचं वेड. त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते येऊन सांग म्हटलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगर हाती देऊन म्हणाले, चालवता चालवता मोज. मेलेले पक्षी, किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला जागा दिली. कॅनरना त्या दोघांचं शहाणपण पाहून नवल वाटलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. डोनाल्ड मोठेपणी बँकेत नोकरीला होता, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा. २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन वारला.

गुरुजी : बाप्पा! ही तर नई तालीमच झाली की. दवाखान्याने नाही, शेताने तारलं त्याला.

ताई : शेताने तारलं, पण कुणाच्या हातून? तो मोजतो तेव्हा त्याला बरं वाटतं, मोजणं थांबवलं तर तो मोडेल, हे त्या जोडप्याला उमगलं होतं. आता तान्ह्या पोळ्यातल्या पहिल्या पोराला पऱ्हाटीचे तास मोजत डवरा धरायला लावा. तिसऱ्या तासाला डवरा सोडून तो बांधावरच्या सरड्यामागे जाईल, आणि तुम्ही म्हणाल, कामचुकार आहे. त्याला एकसुरी काम नको. त्याला लहान लहान तुकड्यांचं काम हवं, प्रत्येक तुकडा संपला की लगेच शाबासकी हवी, मध्ये धावायला हवं. आणि डोनाल्डला रोज नवं काम दिलं असतं, तर त्याचा दिवस उद्ध्वस्त झाला असता. शेत एकच आहे, गुरुजी. एकाला ज्या बदलाने बरं वाटतं, त्यानेच दुसरा कोसळतो. कोण कुठला हे न कळता दिलेलं काम म्हणजेसुद्धा शिक्षाच.

या मुद्द्याला गुरुजींकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. सगळ्या मुलांना एकच चांगली गोष्ट द्यावी, या विचारात मोठा जिव्हाळा आहे. पण ती गोष्ट कितीही चांगली असली तरी मुलं एकसारखी नाहीत.

गुरुजी : समजा एकाच पोरात दोन्ही असलं तर?

ताई : असतं, आणि ते विरळ नाही. स्वमग्न मुलांपैकी निदान तिसऱ्या हिश्श्यात तरी एडीएचडीही आढळते, असं बरेच अभ्यास सांगतात. पण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ज्या निदानसंहितेवर आपल्याकडचे डॉक्टरही विसंबतात, तिच्यात २०१३ सालापर्यंत दोन्ही निदानं एकत्र करायला मनाई होती. त्याआधी तपासलेल्या कित्येक मुलांना अर्धंच उत्तर मिळालं. असं मूल एकीकडे नवं काही शोधत धावतं आणि दुसरीकडे नवं काही आलं की घाबरतं. आईबाप हैराण होतात, आज हवं ते उद्या नको कसं?

गुरुजी : आणि गोळी? त्यावर तू गप्प आहेस.

ताई : गोळी मी लिहीत नाही, डॉक्टर लिहितात. पण मी तिच्या विरोधात नाही. एडीएचडी जास्त असेल, मूल सहा वर्षांच्या पुढचं असेल, घरचे आणि शाळेचे उपाय अपुरे पडत असतील, तर मेथिलफेनिडेट पुष्कळ मुलांना उपयोगी पडतं. परिणाम त्याच दिवशी दिसतो. भूक कमी होते, झोप लांबते, म्हणून वजन आणि रक्तदाब पाहत राहावं लागतं. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये आहे. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. त्यामुळे आष्टी-कारंज्याच्या बापाला महिन्याच्या गोळ्यांसाठी वर्धा किंवा नागपूर गाठावं लागतं. स्वमग्नतेच्या मुळावर मात्र औषध नाही. फार चिडचिड, स्वतःला इजा करणं, यासाठी काही औषधं देतात, तेवढंच. स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणून लाखो रुपये मागणारे भेटले, तर शेत विकू नका, हे मी प्रत्येक बापाला बजावते. दोन्हींमधला फरक इथे खिशालाही कळतो.

गुरुजी : माझं मन गोळीला धजत नाही, बाई. सातवीतल्या पोराने दफ्तरात गोळीची पट्टी बाळगायची?

ताई : नका धजू. पण ज्याची गोळी चालू आहे त्याला वर्गासमोर "आज घेतली का रे?" असं विचारू नका, एवढं तरी कराल?

हा वाद मिटत नाही, आणि मी तो मिटवूही पाहत नाही. कागदांचा प्रश्न मात्र दोघांनाही छळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासायच्या आजारांच्या केंद्राच्या यादीत ऑटिझमची ओळख "वर्तनविकार" अशी करून दिली आहे आणि एडीएचडी वेगळ्या ओळीत आहे. म्हणजे सरकारी कागदच स्वमग्न मुलाला वागणुकीच्या खात्यात टाकतो. मग शिक्षकाने ते वळण लावण्याचं प्रकरण समजलं तर त्याला काय बोलणार? दुसरीकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी नाही. स्वमग्न मुलासाठी भारतीय मोजपट्टी आहे, ४० मुद्द्यांची, ७० गुणांपासून स्वमग्नता धरणारी. प्रमाणपत्र मिळतं, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. एडीएचडीच्या मुलाला, सोबत अध्ययन अक्षमता निघाली तरच काही पदरात पडतं.

गुरुजी : मग लिहून टाक ना सगळ्यांना स्वमग्न! गरिबाला चार पैसे मिळतील.

ताई : सांगणारे असे भेटतात, आणि आईबापांची गरज पाहून माझाही जीव तुटतो. पण उद्या त्या पोराला गर्दीपासून दूर ठेवतील, वर्गातून काढून वेगळं बसवतील, आणि त्याला तर मित्र हवे आहेत. खोट्या नावाखाली उपचारही खोटेच होतात. एडीएचडीला कायद्यात जागा मागायची असेल तर ती उघडपणे मागू या.

गुरुजी : तुझ्या खोलीत तरी खरं दिसतं का पण? माझा एक विद्यार्थी दवाखान्यात देवासारखा बसला होता म्हणे.

ताई : बसणारच. नवी खोली, नवी खेळणी, समोर एकच माणूस आणि त्याचं पूर्ण लक्ष. चंचल मूल अशा वेळी छान बसतं, आणि अनुभव नसलेला तपासनीस म्हणतो, याला काही नाही. मुलींचं तर आणखी कठीण. त्या धावत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात, कुणाची तक्रार नसते म्हणून कुणी पाठवतही नाही. म्हणून मला शिक्षकाचा कागद हवा असतो. तो नसला तर माझं निदान लंगडं.

गुरुजी : काय लिहायचं त्यात? "अतिचंचल" लिहू?

ताई : नाव तुम्ही लिहूच नका. काय केलं, किती वाजता, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं. कामाच्या तासाला कसा, गणिताच्या तासाला कसा. कुणाशी खेळतो, की शेजारी बसून एकटाच खेळतो. पोषण आहाराच्या रांगेत काय करतो. ठरलेला तास बदलला तर रडतो का, की खूश होतो. आठवडाभराचं असं पानभर लिहून दिलंत, तर माझ्या चाचण्यांपेक्षा त्यावरून जास्त कळेल.

गुरुजी : लिहीन. शाळेतल्या नव्या शिक्षकांकडूनही लिहून घेईन. पण माझी एक अट आहे. बाप गेलेल्या पोराच्या कागदावर तू पहिल्या भेटीत कुठलं नाव टाकायचं नाही.

ताई : नाही टाकणार. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे, एवढं लिहीन.

गुरुजी : आणि तोवर? सहा महिने त्याने काय करायचं?

ताई : तोवर त्याला कुणी सोडायचं नाही. तो रात्री झोपतो का, जेवतो का, मरणाबद्दल बोलतो का, हे दर आठवड्याला विचारायचं, आणि तसं काही बोलला तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या सकाळी त्याच्या आईला भेटायला मी येते. तुम्हीही चला. तिला तुमची ओळख आहे, माझी नाही.